परबबाईंनी बुजवलेली भोकं

आमच्या नात्यात कुठलंही लग्न असलं, की जेवणं उरकल्यावर कोणीतरी खुर्ची ओढून म्हणतंच, "काका, ती भोकांची गोष्ट सांगा ना." मी थोडे आढेवेढे घेतो आणि सांगतो. मरोळला एका एक्स्पोर्टच्या कारखान्यात मी नोकरीला होतो. तिथे पॅरिसच्या एका बड्या फॅशनवाल्या घराण्याचे काळे लोकरी झगे शिवायला आले. त्या झग्यांना फॅशन म्हणून मुद्दाम भोकं पाडलेली होती. आणि आमच्याकडच्या परबबाई नावाच्या एका अडाणी बाईनं ती सगळी भोकं रफू करून बुजवून टाकली! लोक हसून हसून बेजार होतात. मी परबबाईंची नक्कलही करतो. चांगली करतो.

गोष्ट खरी आहे. त्यातला 'अडाणी' हा शब्द तेवढा चुकीच्या माणसाला चिकटलाय. मध्यंतरी पुतणीच्या मुलीच्या लग्नात सांगता सांगता मी अर्ध्यावर थांबलो. मंडळींना वाटलं, म्हातारा विसरला. कोणीतरी पाणी आणून दिलं. मी विसरलो नव्हतो, उलट सगळं नीट आठवलं होतं. ते आता एकदाचं लिहून काढतो. त्यासाठी आधी परबबाई सांगायला हव्यात. भोकं मागाहून येतील.

शेवंती परब. राहायला वाकोल्याला, गाव मालवणकडचं. बाई ठेंगणी आणि रुंद. चष्म्याची एक काडी कधीतरी तुटली होती, तिच्या जागी चड्डीचं इलॅस्टिक. गळ्यात मंगळसूत्राच्या जोडीला सुतळीत ओवलेली छोटी कात्री. ब्लाऊजच्या डाव्या खांद्यावर सुयांची रांग टोचलेली आणि प्रत्येक सुईत वेगळ्या रंगाचा दोरा लोंबणारा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाईंना लढाईतली पदकं मिळालीयत. दात मिश्रीनं काळे. त्या काळ्या दातांनी त्या दोरा तोडत, आणि त्याच दातांतून जे शब्द काढत ते मी लग्नात सांगत नाही.

आमचा कारखाना म्हणजे औद्योगिक वसाहतीतला दुसऱ्या मजल्यावरचा एक गाळा. खालच्या मजल्यावर बॉलपेनच्या नळ्या बनत, वरच्या मजल्यावर लोणची. मधल्या मजल्यावर पॅरिसचे कपडे. लोणच्याच्या फोडणीचा वास मालाला लागू नये म्हणून शेठ दिवसभर उदबत्त्या जाळायचे. एकदा एका परदेशी गिऱ्हाइकानं सिल्कचा ब्लाऊज नाकाशी धरून डोळे मिटले आणि म्हणाला, "आहा, चंदन!" मी ते मराठीत सांगितलं. परबबाई म्हणाल्या, "जरा खोल हुंग म्हणावं. चंदनाखाली कैरी आहे."

माझं काम मर्चंडायझरचं. बाहेरच्यांचं इंग्लिश आमच्या लोकांना सांगायचं आणि आमच्या लोकांच्या सबबी बाहेरच्यांना. बी.कॉम., मुक्काम मुलुंड, अंगात इस्त्रीची सफारी. परबबाई मला 'परधानसाहेब' म्हणत. प्रधान म्हणा, असं मी एकदा सुचवून पाहिलं. "तेच म्हणते ना मी," त्या म्हणाल्या.

त्या फिनिशिंग खात्याच्या मुख्य. मशीनवरून उतरलेल्या कपड्याचे धागे कापायचे, बटणं लावायची, हातशिलाई, इस्त्री, घडी, सगळं त्यांच्या टेबलावर. हाताखाली दहा-बारा बायका. नवरे गिरणीच्या संपात घरी बसलेले, म्हणून घराबाहेर पडलेल्या त्यातल्या बऱ्याचशा. परबबाई मात्र आधीपासूनच कामाच्या. लोकरीच्या गिरणीत मेंडिंग खात्यात, म्हणजे मागावरून आलेल्या कापडातली भोकं नि तुटके धागे सुईनं विणून काढायच्या खात्यात, त्यांची उमेदीची वर्षं गेलेली. ती गिरणी बंद पडली तेव्हा त्या मरोळला आल्या.

गिरणीतून त्यांनी दोन गोष्टी आणल्या होत्या. एक रफू. दुसरी गोष्ट म्हणजे 'मोठ्यानं सांगा.' कोणीही काही काम सांगितलं, अगदी शेठनं सांगितलं तरी, बाई हातातलं काम खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "मोठ्यानं सांगा. बायकांनी ऐकू दे." शेठ खवळायचे. पण परबबाईंचं म्हणणं असं, की गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, कानात हुकूम सांगायचा आणि काम बिघडलं की 'मी कुठं म्हटलं' म्हणायचा. मोठ्यानं सांगितलेलं मात्र गिळता येत नाही. मी कितीदा ते फिनिशिंगच्या टेबलाशी उभा राहून ओरडलोय. "बटणं चार भोकांची लावा!" एखाद्या स्टेशनवर गाडी पुकारावी तसं.

त्या काळात परदेशी कपड्यांना खांद्यात मोठाल्या गाद्या घालायची टूम होती. परबबाईंना पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा त्यांनी गादी दाबून बघितली. "ही बाई पोती उचलते काय हो गोदीत?" पाठ उघडी असलेला एक गाऊन आला. पुढून गळ्यापर्यंत बंद, मागून कंबरेपर्यंत काहीच नाही. बाईंनी तो दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिला आणि सगळ्या टेबलाला दाखवला. "बघा गं. पुढून सासुरवाशीण, मागून माहेरवाशीण." हिल्डा नावाची गोराईची एक ख्रिश्चन मुलगी बटणं लावायला होती. होडीनं खाडी ओलांडून रोज यायची, शांत, मान खाली घालून काम करणारी. ती एवढी हसली की बटणांचा डबा सांडला. पुढचा अर्धा दिवस सगळं खातं जमिनीवर रांगत होतं.

या कपड्यांवर लेबल आमच्याकडे लागत नसे, ही गोष्ट बाईंच्या लक्षात यायला वेळ लागला. बरेचसे कोट इथे पुरे व्हायचे, फक्त दोन बटणं आणि लेबल तेवढं राहायचं. ते इटलीतल्या कारखान्यात लागायचं, आणि मग तो कोट इटलीत बनलेला ठरायचा. दुकानात तसाच जायचा. बाईंनी विचारलं म्हणून मी एकदा समजावून सांगितलं.

"थांबा थांबा. कापला आपण?"

"हो."

"शिवला आपण. मणी आपण लावले. माझ्या बायकांचे डोळे गेले."

"हो, पण शेवटची बटणं तिकडे लागतात. नियम तसा आहे."

"कसला मेल्याचा नियम! नऊ महिने पोटात आम्ही वाढवलं, कळा आम्ही काढल्या, आणि बारशाला नाव ठेवायला आली इटलीची आत्या!"

एवढ्यावर थांबतील तर त्या परबबाई कसल्या. त्या खेपेचा पहिला कोट पेटीत भरायची वेळ आली, तेव्हा त्यांनी पुठ्ठ्याचं खोकं टेबलावर ठेवलं, त्याच्या दोन बाजूंना बायका उभ्या केल्या आणि तान्हं पोर पाळण्याच्या वरून-खालून देतात तसा तो मखमली कोट खोक्याच्या वरून-खालून फिरवला. मग कॉलरीशी तोंड नेऊन 'कुर्रर्र' केलं आणि म्हणाल्या, "नाव ठेवलं, मरोळ." बायकांनी त्यांच्या पाठीत दणादण बुक्के घातले. नेमके शेठ आत आले. उदबत्तीचा वास, उभ्या बायका, मध्ये खोकं. त्यांना वाटलं कसली तरी पूजा चाललीय. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि विचारलं, "प्रसाद किधर है?" परबबाईंनी कनवटीच्या पुडीतले चार फुटाणे त्यांच्या हातावर ठेवले. शेठनी डोळ्याला लावून खाल्ले.

दुसरा प्रकार रिजेक्ट मालाचा. या बड्या घराण्यांची एक अट असे. जो कपडा नापास होईल तो बाजारात जाता कामा नये, फाडून टाकायचा. फाडायचं काम परबबाईंकडे. शेठ स्वतः उभे राहत. बाई मांडीवर कपडा घेऊन कचाकच कात्री चालवत आणि तुकडे पोत्यात टाकत. शेठ मला म्हणायचे, "देखो, क्या सफाई से काटती है." पोतं चिंध्या म्हणून बाई घरी न्यायच्या.

मग एकदा त्यांनी घरच्या सत्यनारायणाला बोलावलं. मी वाकोल्याला गेलो. चाळीच्या तोंडाशी सार्वजनिक नळावर एक गृहस्थ बादली भरत होते. खाली पट्ट्यापट्ट्यांचा लेंगा, वर वाइन रंगाचा मखमली कोट, कॉलरीला काळं साटीन. हे परबबाईंचे यजमान. पुढे गेलो तर एक पोरगी बिनबाह्यांच्या रेशमी टॉपचा फ्रॉक करून लंगडी खेळत होती, आणि एक आजी चिकनच्या भरतकामाच्या संध्याकाळच्या झग्यात तांदूळ निवडत बसली होती. आत चुलीवरची गरम कढई उतरवायला परबबाईंनी हातात धरल्या होत्या त्या खांद्यातल्या गाद्या.

"बाई, हे सगळं तर तुम्ही फाडलं होतंत!"

"फाडलंच की. शिवणीवरनं." त्यांनी माझ्या पानात शिरा वाढला. "शेठनी कुठनं फाडायचं ते सांगितलं नव्हतं. मोठ्यानं तर नाहीच नाही."

आता भोकं.

पॅरिसच्या त्या घराण्याचं काळं लोकरी कापड तिकडूनच यायचं होतं. आम्ही फक्त झगे शिवायचे. तागे आले, पावसाळाभर आमच्या गोदामात पडले, मग कटिंग मास्तरनी कापले, मशीनवर शिवून झाले आणि फिनिशिंगच्या टेबलावर आल्यावर कळलं की झग्यांना भोकं आहेत. छोटी, मोठी, कुठे खांद्याशी, कुठे ओटीपोटाशी. जशी कसर लागावी. कापताना काळ्यावर काळं कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, किंवा आलं असेल तर मास्तर बोलले नव्हते.

शेठ मटकन खाली बसले. गोदामात उंदीर आहेत हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. मॅडम, म्हणजे त्या घराण्याची माल तपासणारी बाई, थोड्याच दिवसांत स्वतः येणार होती. तिला एक ट्रंक कॉल केला असता तर उलगडा झाला असता. पण विचारायचं कसं? 'मॅडम, तुमच्या कापडाला भोकं आहेत का हो?' असं विचारणं म्हणजे आमच्या गोदामात उंदीर आहेत असं कळवणंच. शेठ म्हणाले, "रफू करवा लो. चुपचाप." मी फिनिशिंगला गेलो.

परबबाईंनी झगा डोळ्यांशी धरून बघितला. मग म्हणाल्या, "हे आमचं काम नाही."

"कसं नाही? रफू तुम्हालाच येतं."

"येतं म्हणून फुकट करू? भोक आमच्या हातनं पडलेलं नाही. ज्यानं पाडलं त्यानं बुजवावं."

"उंदरानं पाडलंय, बाई."

"उंदीर खातो तिथे लेंड्या टाकतो. लेंड्या कुठायत?"

बायका हसल्या. मला राग आला. आत शेठ कपाळाला हात लावून बसलेत, इथे ही लेंड्या मागतेय. मी म्हटलं, "परबबाई, डोकं चालवू नका. सांगितलंय ते करा."

"डोकं नाही चालवत. मला एवढंच सांगा, भोक ठेवायचं की बुजवायचं?" त्यांनी झगा टेबलावर ठेवला, हात कमरेवर घेतले. "आणि मोठ्यानं सांगा. बायकांनी ऐकू दे."

मी ओरडलो, "बुजवा!"

त्यांनी खांद्यावरची काळ्या दोऱ्याची सुई काढली, दोऱ्यासकट बाजूला ठेवली. त्या कापडाच्या कातरणातून त्याच लोकरीचा धागा उसवून काढला, दुसऱ्या सुईत ओवला आणि बसल्या. कुरकुर तिथे संपली. पुढचे दिवस ते टेबल मी विसरणार नाही. ज्यांना रफू येत नव्हतं त्यांना बाईंनी तिथल्या तिथे शिकवलं. आडवे धागे आधी, मग उभे, एक वर एक खाली, कापड विणलं गेलं तसंच परत विणायचं. हिल्डाला सगळ्यात आधी जमलं. जिचा टाका दिसे तिच्या सात पिढ्या बाई मालवणीतून उद्धरत. शेवटचं भोक बुजवून झालं तेव्हा त्यांनी झगा माझ्यापुढे टाकला. "शोधा." मी खिडकीशी नेऊन शोधलं. सापडलं नाही. शेठनी सगळ्या खात्याला पेढे वाटले.

मॅडम आली ती सकाळी. उंच, सडपातळ, पायापासून मानेपर्यंत काळ्यात. शेठ हार घेऊन पुढे, मी त्यांच्या मागे. ती जिना चढून वर आली, हार घालून घेतला आणि गळ्यातली काळी शाल सारखी केली.

शालीला भोकं होती.

कसर म्हणावी तर तशी, पण ठेवणीतली, जपलेली, हौसेनं मिरवलेली भोकं. शेठनी पाहिलं नव्हतं. परबबाईंनी पाहिलं. त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. हात आपोआप खांद्यावरच्या सुईकडे गेला. "बिचारी," त्या मला हळूच म्हणाल्या, "एवढ्या लांबनं फाटकं घालून आलीय. काढून द्या म्हणावं. चहा होईस्तोवर देते करून."

मॅडमनं पहिला झगा उचलला. उजेडाकडे धरला. उलटा केला. दुसरा उचलला, तिसरा उचलला. गाळ्यात फक्त वरच्या मजल्यावरच्या लोणच्याच्या बरण्यांचा आवाज. मग तिनं झगा छातीशी धरला आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं. नंतर कळलं की ते कापड तिकडे कोणा विणकरानं महिनोन् महिने खपून तसं विणलं होतं, भोकासकट. तिनं आम्हा सगळ्यांकडे बघून इंग्लिशमध्ये एक प्रश्न विचारला.

"काय म्हणते ती?" परबबाईंनी मला विचारलं.

"विचारतेय, हे कोणी केलं."

परबबाईंना दिसत होतं ते एवढंच, की परक्या देशातली एक बाई त्यांचं काम हातात घेऊन रडतेय. त्या टेबलापुढे आल्या. पदर खोचला. छातीवर हात ठेवला.

"मी! सांगा तिला, मी केलं. आणि एक टाका दिसत असेल तर दाखव म्हणावं, परबीण नाव लावणार नाही!"

मॅडम माझ्याकडे बघत होती. शेठ खिडकीबाहेर बघत होते. मी इंग्लिशमध्ये म्हटलं, हिनं केलं. भाषांतर बिनचूक होतं. 'बुजवा' कोण ओरडलं होतं हे तिनं विचारलं नव्हतं, आणि मी सांगितलं नाही.

पुढचं सगळं शेठच्या केबिनमध्ये झालं. मॅडम म्हणाली, अशा माणसांच्या हाती माझे कपडे देणार नाही. शेठ तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाले, "मॅडम, शी इज गॉन." आणि मला डोळ्यांनी खूण केली. काम पुढे चालू राहिलं. दुसरे तागे आले, भोकांसकट झगे गेले, मला वर्षाअखेरीस बढतीही मिळाली.

परबबाईंना सांगायचं माझ्याकडे आलं. मी त्यांना जिन्यात गाठलं.

"मडम खूश झाली ना?" त्यांनी विचारलं. "रडत होती."

"हो," मी म्हटलं. "शेठ म्हणतायत, काम कमी आहे. थोडे दिवस घरी थांबा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता तोंड सुटणार. पण त्या एवढंच म्हणाल्या, "मोठ्यानं सांगा."

जिन्यात आम्ही दोघंच होतो. तरी मी ते थोडं मोठ्यानं परत सांगितलं. मग त्या आत गेल्या, कारखान्याच्या सुया खांद्यावरून एकेक काढून टेबलाच्या उशीला टोचल्या, स्वतःची एक खांद्यावर ठेवली आणि निघाल्या. टेबलावर कोणीही मान वर केली नाही.

कारखान्यात त्या दिवसापासून ही गोष्ट विनोद म्हणून सुरू झाली. नवं गिऱ्हाईक आलं की शेठ म्हणायचे, "परधान, वो छेदवाली बात सुनाओ." मी सांगायचो. सांगता सांगता त्यातला माझा 'बुजवा' गळून पडला. नक्कल सुधारत गेली.

दोन-तीन वर्षांनी रिक्षाच्या खिळ्याला लागून माझ्या सफारीला बाहीशी भोक पडलं. मुलुंडमध्ये रफूवाले नव्हते असं नाही. मी वाकोल्याला गेलो.

चाळीच्या जिन्याखाली दुकान होतं. वर पत्र्याची पाटी, 'परब रफू सेंटर'. खाली बारीक अक्षरात, 'पॅरिसचा अनुभव'. बाहेर स्टुलावर यजमान, त्याच मखमली कोटात. आत परबबाई चार गिऱ्हाइकांना गोष्ट सांगत होत्या. आमचीच. त्यांच्या गोष्टीत मडम झगा छातीशी धरून रडत होती, आणि ती आपल्याला पळवून पॅरिसला नेईल या भीतीनं शेठनी त्यांना घाईघाईनं घरी बसवलं होतं. मॅडमचं रडणं त्या फार सुरेख करत.

मला बघून त्या थांबल्या. "आले! साक्षीदार आले. विचारा ह्यांना, हे तिथे होते. परधानसाहेब, मडम काय म्हणाली, सांगा ह्यांना."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "विचारत होती, हे कोणी केलं."

"बघा!" परबबाईंनी मांडीवर थाप मारली. गिऱ्हाइकं खूश.

मी सफारी पुढे केली. त्यांनी भोकात बोट घालून बघितलं. मग चष्मा कपाळावर चढवला.

"हे भोक ठेवायचं की बुजवायचं?"

मी गिऱ्हाइकांकडे बघितलं.

"फॅशन असली तर राहू दे. विचारलेलं बरं."

"बुजवा," मी म्हटलं.

"मोठ्यानं सांगा. लोकांनी ऐकू दे."

"बुजवा."

"कोणी सांगितलं बुजवायला?"

"मी."

"मी कोण?"

"मी, प्रधान. मी सांगितलं बुजवायला." यजमानांनीही मान वळवून पाहिलं. गिऱ्हाइकांना वाटलं, या दुकानाची हीच रीत असावी. पुढची बाई आपला परकर घेऊन घसा खाकरून तयार झाली.

तिचं काम झाल्यावर दुकान रिकामं झालं. परबबाई बाहीच्या दुमडीतून धागा उसवायला लागल्या.

"तुम्हाला कधी कळलं?" मी विचारलं.

"त्याच संध्याकाळी. हिल्डा मिशनरी शाळेतली, तिला सगळं विंग्रजी समजतं. केबिनबाहेरनं ऐकलं तिनं. होडी चुकवून घरी आली माझ्या. म्हणाली, मडम उद्या असणार आहे, मी जाऊन सांगते तिला, कोण ओरडलं ते. मी म्हटलं, गप बस गं."

"का?"

"तुमची बायको पोटुशी होती. तुम्हाला काढलं असतं तर काय केलं असतंत?" त्यांनी सुईत धागा ओवला. "मला रफू येतं. तुम्हाला काय येतं? माझं मराठी तिला सांगायचं, ते पण अर्धं."

त्या विणत राहिल्या. यजमानांनी चहा आणला. धागा दातानं तोडून बाईंनी सफारी माझ्या अंगावर फेकली.

"शोधा."

मी बाही उजेडात धरली. आतून पाहिली, बाहेरून पाहिली. भोक सापडलं नाही. ती सफारी अजून कपाटात आहे. आजही सापडत नाही.

परत येताना मी ठरवलं होतं की यापुढे गोष्ट नीट सांगायची. पुढच्याच लग्नात जुनी सांगितली. लोक जुनीलाच हसतात.

त्या दिवशी दुकानातून निघून मी चाळीच्या तोंडाशी नळापाशी पोचलो होतो. मागून हशा आला म्हणून वळून पाहिलं. नवी गिऱ्हाइकं आली होती आणि परबबाई उभ्या राहून काहीतरी करून दाखवत होत्या. या वेळी मडम नव्हती. मान खाली, खांदे पाडलेले, दोन्ही हातांत नसलेली सफारी धरलेली, आणि आवाज अगदी बारीक, "मी, परधान. मी सांगितलं बुजवायला."

नक्कल चांगली करत होत्या.